धवला कशात ठेवायचा

शुक्रवारी नारपोलीतले लूम बंद असतात, म्हणून सीताबाईंचा धवला रेकॉर्ड करायला आम्ही शुक्रवार धरला. एरवी त्यांच्या घरात शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. बारा वाजता मात्र लाईट जाणार होती.

सीताबाई आमच्या आगरी समाजातल्या धवलारीण, म्हणजे धवले ही लग्नगीतं गाऊन लग्न लावणाऱ्या. सोमवारी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

त्यांची नात मनाली कॉम्प्युटरपुढे बसली होती. सातवीतली पोर.

"गुरुजी, मामा म्हणतो फाइल एआयएफएफमध्ये ठेव. सायबर कॅफेवाला म्हणतो वेव्हमध्ये. एमपीथ्री नको, त्यात आवाज दाबतात, हे दोघंही सांगतात. मग या दोघांत फरक काय?"

मला ठाऊक नव्हतं. पण मुलानं विचारलं की उत्तर सापडेपर्यंत पुढे सरकायचं नाही, ही माझी जुनी खोड. कॅफेतून छापून आणलेले कागद मी उघडले.

"दोन्हींत आवाज न दाबता ठेवतात. कॉम्प्युटर आवाज आकड्यांत लिहितो; आकडे तेच, मांडायचा क्रम उलटा. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी घेतो, इंग्रजीत वीस आधी. किंमत तीच."

"मग चांगलं कोणतं?"

मी पान उलटलं. एक विंडोजवाल्यांचं, दुसरं मॅकवाल्यांचं, एवढंच होतं. सारखंच असेल तर हुशार माणसांनी दोन कशाला काढले? काहीतरी सुटत असणार. मी पुन्हा पहिलं पान काढलं.

"गुरुजी, नवरी म्हातारी झाली," सीताबाई म्हणाल्या, "तुमचा मांडव अजून उभा न्हाय!"

सव्वाअकरा झाले होते. त्यांनी कुणाला न विचारता धवला सुरू केला. मनालीनं घाईनं बटण दाबलं. सुरू झालेला धवला मध्येच तोडला तर जोडप्याला बाधतो म्हणतात, त्यामुळे आता थांबा म्हणायची सोयच नव्हती. आवाज दोनदा फाटला, पण त्या थांबल्या नाहीत.

संपला तेव्हा बाराला पाच कमी. पडद्यावर चौकट आली: कशात ठेवू?

"वेव्ह," मी म्हणालो. "नाही, थांब. मामा स्टुडिओत काम करतो, त्याचं..."

"गुरुजी, लाईट जाईल!"

"वेव्ह! वेव्हच कर."

निळी पट्टी रांगत रांगत भरली. फाइलचं नाव दिसलं आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

तीन वाजता लाईट आली. फाइल उघडली. सीताबाई तोंडाला पदर लावून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"त्या दुसऱ्यात घातला असता, तर माझा आवाज बदलला असता?"

"नाही."

"जरा पन न्हाय?"

"जरासुद्धा नाही."

"मंग सकाली एवढा वेल काय बगत व्हता?"

"दोन का काढले ते कळेना. सोमवारपर्यंत शोधून सांगतो."

"सोमवारनंतर मला इचारता यायचं न्हाय, गुरुजी. आताच सांगा."

मनाली वही उघडून माझ्याकडे बघत होती. मी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिलं पान काढलं.