माझे चार दात आणि एक मेची सुट्टी

तीन दात सरळ आणि एक वाकडा, असा मी बागकामाचा एक म्हातारा काटा आहे. ताटाशेजारी ठेवतात तो चिमुकला काटा नव्हे. माझा दांडा कमरेएवढा आहे आणि पाय देऊन मला मातीत रोवतात. मित्रांनो, मी रागावलेलो आहे. का, ते ऐकाच.

माझा जन्म लालबागच्या एका लोहाराकडे झाला. गिरणीच्या भंगार सळ्यांपासून त्याने माझे दात घडवले. त्याच गिरणीच्या मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यापुढे हिरवळ होती आणि कुशाबा तिथला माळी होता. माणसे चालून चालून माती दबते, पाणी आत मुरत नाही, गवताची मुळे गुदमरतात. म्हणून वर्षातून एकदा मला खुपसून जागोजाग भोके पाडायची. पण कधी? गणपती गेले, पावसाचा जोर ओसरला, की कुशाबा मूठभर माती दाबून बघायचा. बोटांतून चिखल आला तर थांबायचा. भुगा झाला तरी थांबायचा. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, की म्हणायचा, "चल, आता." तेव्हा गवत जोमात असते, जखम लवकर भरते. साहेब पाहुण्यांना हिरवळ दाखवत. मला कोणी दाखवले नाही, पण कुशाबा माझे दात पुसून तेल लावायचा. मला तेवढे पुरे होते.

गिरणी बंद पडली. कुशाबाने मला काळाचौकीच्या चाळीत आणले आणि मी तीस-पस्तीस वर्षे माळ्यावर गंजत पडलो. कुशाबा गेला. चाळ पाडून टॉवर झाला. मुलगा मला भंगारात देणार होता, पण कुशाबाची बायको मालन माझा दांडा धरून बसली. बाराव्या मजल्यावर तिचा जीव रमेना. खाली टॉवरपुढे छोटेसे लॉन होते. संध्याकाळी तिथे गवतावर पाय पसरून बसायचे, हेच तिचे सुख.

गेल्या उन्हाळ्यात ते लॉन पिवळे पडू लागले. सोसायटीची सेक्रेटरी नम्रता कामसू मुलगी, पण भारी घाईची. मोबाइलवर वाचून तिने ठरवले, लॉनला भोके पाडायची. ठरवले ते बरोबरच. दिवस मात्र निवडला एक मे!

"आत्ताच का गं?" मालनने विचारले.

"सगळ्यांना सुट्टी आहे ना, काकी. श्रमदान होऊन जाईल. नाश्ता पण सांगितलाय."

"माती बघ जरा, दगड झालाय नुसता. पाणी पण धड येत नाय. आत्ता टोचलंस तर मुळं भाजतील. गणपती जाऊ दे."

"तेव्हा सगळे कामावर असतात हो. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

माती बघायची सोडून या शहाण्यांनी कॅलेंडर बघितले! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय? मालनच्या मुलाने मला खाली आणून दिले. तिसऱ्या मजल्यावरचा राजरत्न माझ्यावर दोन्ही पायांनी चढला आणि माझा एक दात वाकला. माझ्याबरोबर फोटोही काढले. नळाजवळच्या कोपऱ्यात मात्र मालन चटई टाकून बसली. "इथं हात लावायचा नाय," म्हणाली. सगळे हसले आणि तेवढा तुकडा सोडून दिला.

पंधरा दिवसांत लॉन वाळून गेले. मग राजरत्न म्हणाला, "हा काटाच गंजका होता, त्याने वाट लावली." नाचता येईना अंगण वाकडे! माझे दात बोलू शकत असते तर मी तिथेच सुनावले असते. जूनमध्ये मीटिंग झाली आणि वाळल्या गवतावर प्लास्टिकचे लॉन अंथरले. पाणी नको, माळी नको. मालनने आपला कोपरा मात्र सोडला नाही. गणपती गेल्यावर तिने मूठभर माती दाबून बघितली आणि मला हातात घेतले. शहात्तर वर्षांची बाई, अंगात जोर तो किती! तीन संध्याकाळी खपून तिने चटईएवढ्या जागेत भोके पाडली. मदतीला एक माणूस आला नाही. याचा मला आजही संताप येतो.

यंदा पुन्हा एक मे आला. सकाळी झेंडावंदन झाले आणि पोरे चपला काढून प्लास्टिकवर धावली. ऊन चढले होते. पाय पोळताच सगळी ओरडत मालनच्या हिरव्या कोपऱ्यात घुसली. नम्रताची चार वर्षांची स्पृहा मधेच उभी राहून रडू लागली. नम्रताने तिला उचलले, लाल झालेले तळवे बघितले आणि तिला आणून गवतावर ठेवले.

"काकी, चुकलं माझं," ती म्हणाली. "आज सगळे घरी आहेत. प्लास्टिक काढतो आणि लगेच काट्याने..."

"परत सुट्टी बघितलीस?" मालन कडाडली. "प्लास्टिक आज काढ. पावसात हेच गवत तिकडं पसरेल. टोचायचं गणपती गेल्यावर."

नम्रताने वाकून स्वतःच प्लास्टिकची कड उचलली.

मित्रांनो, तुमच्याही दारात हिरवळ असेल, तर मला उचलण्याआधी वाका आणि मूठभर माती दाबून बघा. कधी टोचायचे, ते तीच सांगते. आमच्याकडे तो दिवस गणपतीनंतर येईल आणि तो कामाचा वार असेल. मालन तर येणारच. तिच्यासोबत रजा टाकून कोण येतो, ते मला बघायचे आहे.