सगळ्यांना पाठ झालेला तक्ता

मी डोळे तपासायचा एक जुना तक्ता आहे, मित्रांनो. वर एक भलंमोठं 'च', खाली 'ट र', मग 'म क ल', मग 'ग प न ब', आणि असं होत होत शेवटच्या ओळीत मुंगीएवढी अक्षरं. छापखान्यात माझ्यासारखे पाचशे जण एका दिवसात जन्मले. आम्हा सगळ्यांच्या पाठीवर एक सूचना छापली होती: 'तपासणीचा दिवस सोडून हा तक्ता मुलांच्या नजरेस पडू देऊ नये. गुंडाळून कपाटात ठेवावा.'

या वस्तीतल्या शाळेत मी आलो, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला पुढूनच पाहिलं. "वा! वर्गाला शोभा आली," म्हणाले, आणि पहिलीच्या भिंतीचा पोपडा जिथे उडाला होता, नेमकं तिथेच मला खिळ्यावर टांगलं. माझी पाठ भिंतीकडे गेली. ती पाच वर्षं कुणी पाहिली नाही.

मीही हुरळलो, खोटं कशाला सांगू? या शाळेत पाढे पाठ, कविता पाठ, प्रश्नांची उत्तरंसुद्धा पाठ. महिन्याभरात मीही पाठ झालो. मधल्या सुट्टीत मुली माझ्या तालावर दोरीच्या उड्या मारू लागल्या: "च! टर! मकल! गपनब!" मला वाटलं, काय ही आपली लोकप्रियता!

त्यांत एक सहा वर्षांची होती. एका जागी कधी थांबायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिचा डावा डोळा कमजोर होता. दिसायला अगदी उजव्यासारखा, त्यामुळे घरी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही. उजव्या डोळ्यावर तिचं सगळं भागत होतं.

मग तपासणीचा दिवस आला. शहरातून एक नर्स आली. ज्यांना माझी अक्षरं वाचता येणार नाहीत, त्यांना गाडीने मोठ्या दवाखान्यात नेऊन फुकट चष्मा देणार होते. भिंगरीने उजवा डोळा तळहाताने झाकला. नर्सने पट्टी 'म'वर ठेवली.

"च, टर, मकल, गपनब..." भिंगरी थेट मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत घडाघडा म्हणत गेली. पट्टी अजून 'म'वरच होती.

"अगं, मी दाखवते तेवढंच सांग ना."

"मला सगळं येतं!"

ती फसवत नव्हती, मित्रांनो. शाळेत विचारतात ते पाठ आहे का एवढंच विचारतात, असं तिला वाटायचं.

"हुशार आहे हो ती," वर्गाच्या बाई कौतुकाने म्हणाल्या. "लिहून टाका. अजून चाळीस जण उभे आहेत."

नर्सने लिहिलं: दोन्ही डोळे उत्तम. त्या दिवशी सगळ्या शाळेचेच डोळे उत्तम निघाले. मुख्याध्यापकांचा सत्कार झाला. दवाखान्याची गाडी त्यानंतर आमच्याकडे फिरकलीच नाही.

पाच वर्षं गेली. परवा भिंगरीची आई तिला घेऊन बाईंसमोर येऊन उभी राहिली. भिंगरीच्या उजव्या डोळ्याला लागलं होतं, त्यावर दोन दिवस पट्टी बांधली, आणि ती स्वतःच्याच घरात दारावर जाऊन आपटली.

"बाई, डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांपूर्वी आणली असती तर डावा डोळा सुधारला असता. आता आशा कमीच म्हणे. मी म्हटलं, अहो, शाळेनं तर लिहून दिलं होतं, डोळे चांगलेत म्हणून."

बाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि पहिल्यांदा माझी पाठ उजेडात आली. भिंगरीने पुढे होऊन, चांगल्या डोळ्याने, ती सूचना वाचली. एकही शब्द चुकली नाही. या वेळी कुणी शाबासकी दिली नाही. मला माझ्या अक्षरांची लाज वाटली.

जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात ना, आम्हाला अडगळीत टाकू नका म्हणून? माझं मागणं उलटं आहे. मला गुंडाळा, कपाटात कोंडा, वरून कुलूप घाला. तपासणीच्या दिवशीच बाहेर काढा. आणि एखादं मूल घडाघडा बोलू लागलं, तर कौतुक नंतर करा, आधी मधलंच एखादं अक्षर विचारा.

बाईंनी मला कपाटात ठेवलंही होतं. पण आज सकाळी मुख्याध्यापकांना पोपडा उडालेली जागा दिसली. "भिंत किती वाईट दिसते," म्हणाले. मी पुन्हा खिळ्यावर आहे. बाहेर दोरी आपटते आहे, आणि पहिलीत आलेली एक नवी मुलगी मोठ्या मुलींकडून शिकते आहे: "च! टर! मकल!"