चांद्याचा शनवार

बैलाचा डोळा साडेतीन मिलिमीटर लांब होता, आणि तो तिथे असायलाच नको होता.

एस्थरबाईंनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पदराला पुसला आणि मोजपट्टी पुन्हा कागदाला लावली. साडेतीनच. वरची पापणी जाड, खालची केसासारखी बारीक, बुबुळात एक पांढरा ठिपका सोडलेला. डोळा सुंदर होता. तीस वर्षं धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काढल्यामुळे त्यांना एक सवय लागली होती: निकाल नको तसा आला की आधी मोजमाप परत घ्यायचं, आणि मगच कपाळाला हात लावायचा. त्यांनी पुढचं पान उलटलं. बुधवार. डोळा होता. गुरुवार, डोळा. शुक्रवार, डोळा. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

बैलाचं नाव चांद्या. तो एलिजाकाकांचा. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, आणि मुंबईच्या साप्ताहिकांत मागच्या पानावर ज्याची चित्रं बघायला लोक अंक उलटा उघडत, तो ‘एलिजा’. सही करताना ‘जा’च्या कान्याला ते बैलाची शेपटी काढत. म्हातारपणी आपल्या अष्टमी गावी परत आल्यावर त्यांनी चांद्याच्या बारा गोष्टी काढल्या. एका गोष्टीला एक आठवडा, एका दिवसाला एक पान, एका पानावर चार चित्रं. कागद म्हणजे भिंतीवरची जुनी कॅलेंडरं, मागून कोरी. बारा गोष्टींची चौऱ्याऐंशी पानं, म्हणजे सात वर्षांचे महिने.

चांद्या घाण्याचा बैल. एस्थरबाईंच्या आजोबांचा अष्टमीला तेलाचा घाणा होता. गावातली सगळी इस्राएली, म्हणजे कोकणी ज्यू, घरं तेल गाळायची आणि शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. काकांच्या गोष्टींत रविवार ते शुक्रवार चांद्याच्या डोळ्यांवर झापड असायची, आणि झापडेतूनही तो गावाची सगळी भानगड ओळखायचा. सातव्या पानावर, शनिवारी, झापड सुटायची आणि वाचणाऱ्याला चांद्याचे डोळे पहिल्यांदा दिसायचे. सगळी गंमत त्या डोळ्यांसाठी राखून ठेवलेली.

संपादकांनी ती पानं परत पाठवली. बैलाच्या गोष्टी कोण वाचणार, असं एकाने पत्रात लिहिलं होतं. पुढे गुळगुळीत कागदावरची शिसपेन्सील उडत गेली. आता वरसे गावचा प्रणित, ज्याच्या आजोबांनी एलिजाची कात्रणं वहीत चिकटवली होती, पुस्तक काढत होता. त्याने पानं स्कॅन करून उजळली आणि हमरापूरच्या सुरभीकडे दिली. सुरभी गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखते. रंग वाळेपर्यंत ती कारखान्याच्या भिंतीवर कोळशाने कोंबड्या काढायची. त्या कोंबड्या बघून प्रणित म्हणाला होता, हाच हात.

त्या हाताने अकरा गोष्टींची सत्त्याहत्तर पानं नव्याने शाईत काढली, आणि सत्त्याहत्तर पानांवर चांद्याला डोळे दिले. एस्थरबाईंनी प्रणितला फोन लावला.

“मावशी, डोळे तर भारीच झालेत,” तो म्हणाला. “लोकांना आवडतील.”

“आवडतील. पण मग शनवारी वेगळं काय राहिलं?”

“पंधरा जूनला छपाई आहे हो,” प्रणित हळूच म्हणाला.

“मी उद्या हमरापूरला जाते.”

“एवढ्या उन्हात? फोन करा ना तिला.”

“फोनवर कागद दिसत नाही.”

“बरं. आणि मावशी, बारावी गोष्ट? ती अजून तुमच्याचकडे आहे. आता नाही दिलीत तर अकराच छापाव्या लागतील.”

“बघते.”

“तुमचं हे ‘बघते’ माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकतोय. माझी मुलगी आता बालवाडीत जाते!”

एस्थरबाई हसल्या नाहीत. फोन ठेवून त्यांनी कपाट उघडलं. बाराव्या गोष्टीची सात पानं प्लास्टिकच्या पिशवीत होती. दर पावसाळ्यानंतर त्या ती उजेडात धरून बघत. गेल्या दिवाळीत शेवटचं पान जवळजवळ कोरं दिसलं होतं. अजून एक पावसाळा, फार तर दोन. त्यांनी पिशवी तशीच उचलून बाकीच्या कागदांबरोबर ठेवली. का, ते स्वतःलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या दिवा पॅसेंजरने त्या हमरापूरला उतरल्या. कारखान्याच्या दारात सुरभीचे सासरे पोपटबाबा एका उंदराला पॉलिशपेपर घासत बसले होते. आत फळ्यांवर चारशे गणपती, सोंडेपासून पायापर्यंत रंगलेले, फक्त डोळ्यांच्या जागा पांढऱ्या. सुरभीने पाट पुढे केला, पाण्याचा तांब्या दिला आणि त्या काही बोलायच्या आधीच म्हणाली, “चुकलंय ना कायतरी? उगाच कोण येतंय ह्या उन्हात.”

एस्थरबाईंनी काकांचं एक मूळ पान तिच्यापुढे ठेवलं आणि बैलाच्या तोंडावरच्या फिकट करड्या पट्ट्यावर बोट टेकवलं. “हे बघ गो. ही झापड आहे. डोळ्यांवर बांधलेली.”

सुरभी वाकली. बराच वेळ वाकून राहिली. “मला वाटलं चिकटपट्टीचा डाग हाय. जुन्या कागदावर असतात तसा. मी साफ केला ना तो! सहासष्ट पानांवर साफ केला!”

“एक डाग तेवढे शनवार सोडून सहासष्ट पानांवर एकाच जागी कसा येईल?”

“मावशी, तुम्ही कंपनीत होता. माझ्याकडं एका फळीवर चाळीस सारखे गणपती असतात. सारखं दिसलं तर मला नवल वाटत नाय.”

दारातून पोपटबाबा खोखो हसले. “घाण्याचा बैल बघितलाय कुठं हिनं? हिच्या जल्माआधी तेल पिशवीतून यायला लागलं. अगो, डोळे उघडे ठेवून बैल फिरवला तर त्याला घेरी येते. नि घेरी नाय आली तर पेंडीत तोंड घालतो. म्हणून झापड.”

“मग हे आधी सांगायला काय झालं होतं? रोज मागं उभे राहून बघत होता की!”

“मला वाटलं तुझा बैल शिकलेला हाय.” ते एस्थरबाईंकडे वळले. “तुम्ही अष्टमीच्या, व्हय ना? आमचा आजा कुणी आळशी दिसला की म्हणायचा, तुझा रोजच शनवार काय रे?”

“आमच्यात पण म्हणायचे,” एस्थरबाई म्हणाल्या, आणि आता मात्र हसल्या.

सुरभी हसत नव्हती. ती बोटांवर दिवस मोजत होती. “सहासष्ट पानं परत नाय व्हायची, मावशी. सोमवारपासून आखणी लागते. परदेशचा माल आधी जातो. आखणी लागली की मला जेवायला बोलवायचं तर लांबूनच हाक मारतात, हात हलेल म्हणून.” तिने मंगळवारचं पान उचललं आणि आपण काढलेल्या डोळ्याकडे पाहिलं. “नि पुसायचा तर मी नाय. काढलेला डोळा आमच्यात पुसत नाय.”

फळ्यांवरच्या चारशे बिनडोळ्यांच्या तोंडांसमोर एस्थरबाईंना उगाच अवघडल्यासारखं झालं. मग सुरभीने शाईची बाटली ओढली, रुंद ब्रश घेतला, श्वास धरला आणि चांद्याच्या कपाळापासून गालापर्यंत एक काळा पट्टा ओढला. डोळा झाकला गेला. तिने पट्ट्याच्या टोकाला कानामागची गाठ काढली आणि पान पुढे सरकवलं.

“पुसला नाय. बांधला.”

एस्थरबाईंनी भिंग काढलं. शाईवर शाई बसली होती तिथे काळा रंग अधिक गडद होता. कागद जरा तिरका केला की झापडेखाली पापणीची कड दिसत होती. हे काकांनाही जमलं नसतं. त्यांच्या कागदावर झापडेखाली कोरा कागदच होता.

“एका झापडेला दहा सेकंद लागले तुला,” त्या म्हणाल्या. “दोनशे चौसष्ट झापडा. चव्वेचाळीस मिनिटं.”

“चहा धरून?”

“चहा धरून एक तास.”

“मग होतंय,” सुरभी म्हणाली आणि पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. “नि त्या पिशवीत काय हाय? मघापासून तुम्ही ती मांडीवर घेऊन बसलाय, लेकरू धरल्यासारखी.”

एस्थरबाईंनी पिशवी उघडली. सातातलं शेवटचं पान वर काढून पाटावर ठेवलं.

“ही बारावी गोष्ट,” त्या म्हणाल्या. “ह्यात मालकाचं घर इस्राएलला निघतं आणि चांद्याला पेणकडच्या एका शेतकऱ्याला विकतात. त्याने नवीन घाणा घातलाय. रविवार ते शुक्रवार चांद्या तिथे फिरतो. नव्या मालकाला वारबीर काही माहीत नाही. मग शनवार उजाडतो, मालक झापड घेऊन गोठ्यात येतो, आणि शेवटचं चित्र हे.”

चित्रात चांद्याचं तोंड होतं, मोठं, समोरून. डोळ्यांची जागा रिकामी.

“काढायचं राहिलं?”

“राहिलं नाही. खोडलंय.” त्यांनी मोबाइलचा दिवा लावला आणि कागदाच्या कडेला आडवा धरला. आडव्या उजेडात रिकाम्या जागेवर बारीक चऱ्या उमटल्या, पेन्सील दाबून गेल्याच्या. “तीनदा काढून तीनदा खोडलंय. ही झापड. म्हणजे बिचारा आपला वार विसरला. हा मिटलेला डोळा. झोपला असेल, नाहीतर संपला असेल. आणि हा उघडा. म्हणजे आपला वार आठवतोय. हा आता शोधावा लागतो.”

सुरभीने मान तिरकी करून तिन्ही पाहिले. “मग कुठला शेवटचा?”

“तेच तर मोजत आलेय. जी चरी सगळ्यात वर, ती शेवटची. भिंगाने पाहिलं, कंपनीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कळत नाही.”

“त्यांनी कुणाला सांगितलं नाय?”

एस्थरबाईंनी दिवा बंद केला. ही गोष्ट त्यांनी प्रणितला सांगितली नव्हती, इस्राएलला अश्दोदमध्ये राहणाऱ्या भावालाही नाही.

“मला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “तेहेतीस वर्षं झाली. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. मी दारात चपला घालत होते, फर्स्ट शिफ्ट होती. त्यांनी हा कागद वर धरला आणि म्हणाले, एस्थर, तू सांग, याचे डोळे कसे काढू? मी म्हटलं, तुम्हीच ठरवा काका, माझी बस जाईल. महिन्याभरात ते गेले.” त्यांनी कागदाची कड सरळ केली. “विचारलं त्या दिवशी शनवार होता. मी तीस वर्षं शनवारी शिफ्टला गेले. शुक्रवारी संध्याकाळी शनवारचा दिवा लावायची, तो कधी चुकला नाही, पण सकाळी डबा घेऊन बाहेर. काकांचे सगळे भाऊ तिकडे इस्राएलला गेले, ते एकटे इथे राहिले. ते मला कशाबद्दल विचारत होते ते मला दारातच कळलं होतं. मग शनवारी डबा घेऊन निघालेली मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

पोपटबाबांचा पॉलिशपेपर थांबला होता. “बाई,” ते म्हणाले, “तो माणूस तुम्हाला विचारून गेला, नि तुम्ही इतकी वर्षं कागदाला विचारत बसलात?”

“बाबा!” सुरभी दबक्या आवाजात म्हणाली.

“खोटं बोलतो काय मी?”

एस्थरबाई मंगळवारच्या पानाकडे बघत होत्या. शाई वाळली होती. झापड काळीकुट्ट दिसत होती, आणि दारातून येणाऱ्या उन्हात तिच्याखाली साडेतीन मिलिमीटरची एक कड उठून दिसत होती. ती कड पुसलेली नव्हती.

सुरभीने नवा कागद समोर घेतला. बारीक ब्रश पाण्यात बुडवला, ओठांत धरून त्याचं टोक केलं. शेवटचं पान खाली दिवा लावलेल्या काचेवर, नव्या कागदाखाली ठेवून तिने चांद्याची शिंगं उतरवली, कपाळावरचा चांद उतरवला, मग कान, मग नाकपुड्या, आणि डोळ्यांच्या जागेपाशी आली तशी थांबली.

“आमच्यात गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय नजर ठेवत नाय,” ती म्हणाली. “नायतर मागनं म्हणतात, देव भलतीकडंच बघतोय. तुम्ही सांगाल तशी ठेवते, मावशी. पण बोलायला तुम्हालाच लागेल.”

ब्रशच्या टोकाला शाईचा थेंब जमत होता. रुळांवरून एक मालगाडी गेली आणि फळ्यांवरचे गणपती किंचित थरथरले.

“उघडे,” एस्थरबाई म्हणाल्या. “दोन्ही उघडे काढ. आणि नजर सरळ मालकाकडे.”