काउंटचा बायोडेटा

दोहातल्या एका माणसं पुरवणाऱ्या कंपनीत मी बायोडेटा सजवतो. वेल्डर असो की प्लंबर, प्रत्येकाच्या दोन फायली माझ्याकडे असतात: एक खरी, एक साफ केलेली. आमचे मालक गजेंद्र सर सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून एका जर्मन काउंटचं जुनं चित्र घेऊन आले, रिसेप्शनमध्ये लावायला. म्हणाले, "ऑल्विन, याचंही करिअर लिही. खाली पितळी पाटीवर टाकू."

गडी अठराव्या शतकातला. लढायांत नाव काढलं, मग राजाचा वकील म्हणून दरबारोदरबार फिरला. वकिली कसली, तर परक्या राजाच्या युद्धासाठी आपल्याच मुलखातली तेराशे पोरं करार करून भाड्याने दिली. परत आली सातशे. साफ फाईलमधून ही ओळ मी अर्थातच गाळली. आणि गुरुवारी दुपारी घाईघाईत सरांना खरी फाईल पाठवून बसलो.

कळलं तेव्हा उशीर झाला होता. आम्ही आणलेल्यांपैकी तिघे गेल्या उन्हाळ्यात शवपेटीतून घरी गेले होते. त्याबद्दल ऑफिसात कोणी ब्र काढत नाही. सरांना वाटणार, मी टोमणा मारला. नोकरी गेली की व्हिसा गेला, माझ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा आणि मुलीचाही. बायकोला, सेलीनला, मेसेज केला, 'माझी धडगत नाही.' तेवढ्यात केबिनमधून बोलावणं आलं.

सर स्क्रीनकडे बघत होते.

"तेराशे? एकाच करारात?"

"हो, सर."

"आणि हे तू तळाला टाकलंस?" त्यांचा आवाज चढला. "अरे, हा तर आपल्याच धंद्यातला! ही ओळ पहिली घे. परत किती आले ते काढून टाक, कोण विचारतंय?"

मी मान हलवली. वर हसलोसुद्धा, लाज कशी नाही वाटली मला!

"डोकं आहे तुला. पुढच्या आठवड्यात तुझ्या गावी, वसईला जा. नव्या साइटला चाळीस पोरं हवीत, उन्हाळ्याच्या आत. गावचा माणूस बघून डोळे झाकून सही करतील. यल्ला, लाग कामाला!"

नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं. मी "थँक्यू, सर" म्हणालो.

बाहेर येऊन सेलीनला फोन लावला. नोकरी वाचली, माणसं आणायला वसईला चाललोय, एवढंच सांगितलं. ती आनंदाने रडलीच.

"पहिलं नाव आमच्या सॅमचं लिही हां," ती म्हणाली. "माझा भाऊ म्हणून नाही सांगत, पोरगा मेहनती आहे."

केबिनमध्ये वाटली नव्हती एवढी भीती मला आता वाटली.

"ऐकतोयस ना? लिहिशील?"

"लिहितो," मी म्हणालो.