छोटीचा न उरलेला फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे, रोलवर चालणारा. मित्रांनो, तुमच्या घरातला फोन एका दिवसात जेवढे फोटो काढतो तेवढे मी महिन्यातही काढत नसे, पण म्हणून माझा तोरा काही कमी नव्हता. माझा जन्म एका कारखान्यात, पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांच्या टेबलावर झाला. एकीने स्क्रू पिळले, दुसरीने भिंग बसवले, तिसरीने डोळा लावून मला तपासले आणि 'ठीक' असा शिक्का मारला. नुसते 'ठीक'! ते माझ्या मनाला फार लागले.

मला एका फोटोग्राफरने विकत घेतले. पावलांचा आवाज न करता कुठेही जाऊन उभा राहायचा, म्हणून सगळे त्याला बोका म्हणत. त्या काळात एका तरुण गायिकेचे नाव घरोघरी झाले होते. वयाने शाळकरीच म्हणा ना. लोक तिला कौतुकाने छोटी म्हणत. तिच्या तालमीचे फोटो काढण्याचे काम बोक्याला मिळाले.

बोक्याची एक रीत होती. 'हसा', 'इकडे बघा' असे तो कधीच म्हणत नसे. हॉलमध्ये आला की आधी तो मला रिकामाच चालवी. आत रोल नाही, काही नाही, नुसते खटक् खटक्. माझ्या आवाजाची सवय झाली की लोक मला विसरून जात. मग सगळ्यांच्या देखत तो रोल भरी आणि म्हणे, "चला, आता खरं." तोवर कुणी जांभई द्यावी, कुणी नाक खाजवावे, सगळे माफ. छोटी तर मला मुद्दाम वाकुल्या दाखवी. रिकाम्या पोटी राबणे मला आवडत नसे, पण मला विचारतो कोण?

एके दिवशी मात्र घोळ झाला. आदल्या दिवशीचा अर्धा रोल माझ्या पोटात तसाच राहिला होता आणि बोका ते साफ विसरला. मला बोलता येत असते तर मी बोंब ठोकली असती.

त्या दिवशी छोटीचा आवाज एकाच जागी पुन्हा पुन्हा फाटत होता. वैतागून वादक चहा प्यायला बाहेर गेले. छोटी तिथेच जमिनीवर बसली आणि तिने आईच्या मांडीत डोके खुपसले.

"आई, मला नाही गायचं आता. मला घरी ने."

आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. बोक्याने सवयीने खटका दाबला आणि पुढच्या फोटोसाठी रोल सरकवणारी दांडी ओढली. आत रोल असला की अशा वेळी माझ्या डोक्यावरची चकती फिरते. ती फिरली आणि या वेळी त्याच्या नजरेस पडली. बोक्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"रोल आहे आत," तो पुटपुटला.

छोटीचे कार्यक्रम ठरवणारा मॅनेजर नेमका त्याच्या मागे उभा होता. कार्यक्रम तोंडावर आला होता आणि या खेपेला तिकिटांना उठाव नव्हता. हा फोटो पेपरात आला तर लोकांची नुसती झुंबड उडेल, असे म्हणत त्याने रोलसाठी हात पुढे केला. खरे सांगायचे तर मलाही मोह झाला. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता.

छोटी उठून बसली. तिने मॅनेजरकडे पाहिलेसुद्धा नाही.

"काका, तुम्ही 'आता खरं' म्हणाला नव्हतात ना?"

"नाही म्हणालो," बोका म्हणाला.

तो खिडकीपाशी गेला आणि त्याने माझे मागचे झाकण उघडले. मित्रांनो, रोलच्या कॅमेऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही. ऊन थेट पोटात शिरले, आणि उजेड लागला की रोलवरचे फोटो नासतात. छोटीचा फोटो गेला आणि आदल्या दिवशीची सगळी मेहनतही त्याबरोबर वाया गेली. मी चडफडलो. मॅनेजर तर लालबुंद झाला आणि त्याने बोक्याला तिथल्या तिथे घरचा रस्ता दाखवला.

त्याच्या जागी दुसरा फोटोग्राफर आला. पण त्याच्यापुढे छोटी एकच ठरावीक चेहरा करून बसे. शेवटी तिच्या आईचा बोक्याला निरोप आला. काका येणार असतील तरच फोटो, असे छोटीने मॅनेजरला बजावले होते. वायरींच्या पसाऱ्यात गाढ झोपलेली छोटी, बूट हातात घेऊन स्टेजकडे पळणारी छोटी, ज्या फोटोंनी बोक्याचे नाव झाले ते सगळे त्यानंतरचे. मी अगदी जवळ गेलो तरी ती मान वर करून पाहत नसे.

आता मी बोक्याच्या कपाटात पडून असतो. भिंगावर बुरशी चढली आहे, खटका अडकतो. पाहुणे भिंतीवरच्या फोटोंची वाहवा करतात, माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वाईट वाटते.

मित्रांनो, कॅमेऱ्याचे भिंग मऊ कापडाने पुसत जा. त्याला ओलसर जागी ठेवू नका. हे राहून गेले तरी एक वेळ चालेल. पण समोरचे माणूस तुमच्या भरवशावर मोकळेपणाने बसले असेल, तर फोटो काढण्याआधी त्याला विचारा. चुकून निघालाच, तर कितीही छान असला तरी पुसून टाका. तुमच्या फोनला काही दुखत नाही.