ब्रदर रविकिरणचं लाल पाणी

नायगावचं ते मंगल कार्यालय रविवारी असं भरायचं, की लग्नात खुर्चीसाठी रुसणारे पाहुणेही निमूट सतरंजीवर मांडी घालायचे. पुढं टेबलावर काचेचा वाडगा, त्यात नितळ पाणी. मागं कडक इस्त्रीतले, चष्मेवाले ब्रदर रविकिरण. माईक ओठाला इतका चिकटलेला, की देव बहिरा असावा असं वाटावं.

"हात बुडव, पाप सोडव! हालेलुया!"

गुडघेदुखीवाल्या ग्यानोबानं हात बुडवले. पाणी गुलाबी झालं, मग लालभडक. सभागृहात रडारड सुरू.

"बघा, रक्त! आजार म्हणजे पाप. धुऊन निघालं! फेक ती काठी!"

ग्यानोबानं काठी फेकली. सभा सुटल्यावर भिंत धरत धरत जाऊन तीच उचलून आणली, हे मी मागच्या रांगेतून पाहिलं. तेवढ्या भागाची साक्ष मात्र कुणी माईकवर घेतली नाही.

दर माणसामागं वाडगा रिकामा होई, ब्रदरच्या गाडीतल्या कॅनमधून नवं पाणी येई. एखाद्याचं पाणी नितळच राहिलं तर ब्रदर मान हलवत, "मनात शंका आहे. पुढच्या रविवारी या." लाल झालं तरी ब्रदर बरोबर, नाही झालं तरी ब्रदर बरोबर. असा बिनतोट्याचा धंदा मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या गावची भामाबाई त्या रांगेत होती. टीबीच्या सरकारी गोळ्या अर्ध्याच झालेल्या. तिचंही पाणी लाल झालं आणि ब्रदर गरजले, "बाई, आता गोळी घेशील तर प्रभूला खोटं पाडशील!" तिनं गोळ्या सोडल्या. पुढं खोकल्यातून रक्त पडायला लागलं, तर ब्रदर म्हणाले, "उरलेलं पाप निघतंय."

तिची लेक महामाया लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. कळल्याबरोबर ती निघून आली.

"माय, गोळ्या काहून सोडल्या?"

"येशूवर भरवसा ठेवून राहिले बाई."

"ठेव की! तुझ्या प्रार्थनेला आडवी आले का मी कधी? पण हा ब्रदर मधात कशाला?"

भामाबाई बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "टीबी म्हणल्यावर शेजारणीनं माझा कप येगळा केला. येशू रोग्याला हात लावायचा, हे वाचलं तवाच मी त्याची झाले. आन ब्रदरनं माझा हात धरला गं. दुसरं कोण धरत होतं?"

रविवारी महामाया आईसोबत रांगेत उभी राहिली.

तिनं हात बुडवले. पाणी नितळच.

"बेटी, शिकलेल्यांचं पाप घट्ट असतं," ब्रदर म्हणाले. लोक हसले.

महामायाचं लक्ष मागं गेलं. ग्यानोबा परत आला होता आणि नंबर येईपर्यंत तळहातावर तंबाखू-चुना मळत होता. त्याच्या मागचाही मळत होता. आपल्या भागात वाट बघायची म्हटलं की हात दुसरं करतात काय? भामाबाईच्या कमरेच्या चंचीतही पान-चुना होताच.

"मामा, हात साबणानं धुऊन या बरं. चांगले घासून."

ग्यानोबा धुऊन आला, नव्या पाण्यात हात बुडवले. पाणी जसंच्या तसं.

"आरं! माझं पाप कुठं गेलं?"

"चुन्याच्या डबीत हाय मामा. द्या इकडं." तिनं बोटाला चुना लावला, बोट पाण्यात फिरवलं. वाडगा लालभडक! "आता माझंबी निघालं." मग बाहेरच्या सरबतवाल्याकडून आणलेलं लिंबू तिनं वर पिळलं. लाली पार नाहीशी झाली. "आन ही झाली क्षमा."

"पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन मिसळलंय. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतं. चुन्यानं लाल होतं, लिंबानं रंग जातो. पापाशी त्याचा काही संबंध न्हाई."

"हे सैतानाचं काम आहे!" ब्रदर ओरडले.

"सैतान माझ्या डबीत राहतो व्हय?" ग्यानोबानं विचारलं, आणि अख्खं कार्यालय हसलं.

भामाबाई तेवढी हसली नाही. ती उठून टेबलापाशी गेली.

"ब्रदर, गोळी म्हंजे अविश्वास, तर डोळ्यावर चष्मा काहून? तो फेका की."

ब्रदरनी नकळत चष्मा धरला.

"येशूची माणसं हात न धुता भाकर खायली म्हणून मोठमोठे धर्मवाले त्यांच्यावर तुटून पडले. येशूनं त्या धर्मवाल्यांनाच झापलं. घाण मनात असती, हातावर न्हाई म्हणला. हे मी सोता वाचलेलं. आन त्याच्याच नावानं तुमच्याकडं हात धुवायला आले! अक्कल कुठं ठेवली होती मी?"

ब्रदर कॅन तिथंच टाकून मागच्या दारानं गेले. काठी लागली नाही, चांगले पळाले.

भामाबाईच्या तपासण्या नव्यानं झाल्या, औषध नव्यानं सुरू झालं. मधे खंड पडल्यानं आजार आता सहज ऐकायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती गोळी हातावर घेते, डोळे मिटून दोन शब्द पुटपुटते आणि गिळते. हात महामाया धरते. तिचा देव आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण तो तिला औषध सोड म्हणत नाही, एवढं मला पुरतं.

कुणावर श्रद्धा ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी चमत्कार दाखवून औषध सोडायला सांगितलं, तर आधी भर सभेत विचारा: हे झालं कसं? विचारल्यानं खरा देव रागावत नाही. रागावतो तो फक्त कॅनवाला.