चुकलेला पार्ट

जालना रोडवरच्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मागच्या भिंतीत पार्ट्सची खिडकी होती आणि उमा त्या खिडकीत बसायची, तोवर तिला एकटेपणा ठाऊक नव्हता. ऑइल फिल्टर मागायला आलेला मेकॅनिक खिडकीवर कोपर टेकायचा आणि बोलता बोलता सासूच्या ऑपरेशनपर्यंत पोचायचा. घरी वडील, अनंतराव, तिच्यासाठी जेवायचे थांबलेले असत. दिवसभर ऐकलेलं सगळं ती त्यांना सांगायची.

मग शोरूमचा व्याप वाढला. बीडला शाखा निघाली, जालन्याला निघाली. मालकांनी पार्ट्सचं गोडाऊन चितेगावला एका मोठ्या शेडमध्ये हलवलं आणि उमाला तिथली मॅनेजर केलं. त्याच वर्षी अनंतराव गेले.

चितेगावला सकाळी हमाल यायचे, टेम्पो भरून द्यायचे आणि निघून जायचे. उरलेला दिवस तिचा आणि कॉम्प्युटरचा. कुठल्या मॉडेलच्या क्लच प्लेटा संपत आल्या, काय आधीच मागवून ठेवायचं, पडून राहिलेला माल कंपनीला कधी परत करायचा, हे ती इतकं नेमकं सांभाळायची की कुठल्याच वर्कशॉपला तिला फोन करायची गरज पडेना.

शोरूमच्या दिवाळीच्या पूजेला जालना रोडच्या वर्कशॉपचा फोरमन बन्सी भेटला. कौतुकानं म्हणाला, "ताई, तुमचं काम लई चोख. महिना महिना तुमची आठवण येत नाय बघा."

उमा हसली. पण ते बोलणं तिच्या मनातून जाईना.

पुढं एकदा हमालांच्या हातून खोका बदलला. उजव्या हेडलाइटऐवजी डावा गेला. बन्सीचा फोन आला. चूक सांगून झाली, तरी त्यानं फोन ठेवला नाही. लेकीला, राजनंदिनीला, पाहायला पैठणचे पाहुणे येणार होते. पोहे करावेत की उपमा, यावर घरात वाद चालला होता. "पोहेच करा," उमा म्हणाली. तो दिवस तिला हलका गेला. घरी आल्यावर तिनं स्वतःसाठी ताजी भाजी केली. एरवी ती सकाळचंच खायची.

पंधरवड्यानं तिनं मुद्दाम एका गाडीचे मडफ्लॅप दुसऱ्या गाडीच्या नावावर पाठवले. कुणाचं अडणार नाही, असंच काहीतरी तिनं निवडलं होतं. बन्सीचा फोन आला. पाहुण्यांना मुलगी पसंत पडल्याचं कळलं. मग एकदा वायपर चुकले. मग एकदा आरसा. प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर तिला स्वतःची लाज वाटायची, आणि आठवडा सरला की पुन्हा हात तिकडंच वळायचा.

एके दिवशी तिनं चाकाचं बेअरिंग चुकवलं. गाडी एक दिवस उभी राहील, एवढाच तिचा हिशोब होता.

दुपारी फोन आला. बन्सीचा आवाज कोरडा होता. "ताई, बेअरिंग दुसऱ्याच मॉडेलचं आलं. गाडी पाचोडची हाय. म्हातारीला डायलिसिसला आणलं होतं. तेवढ्यात काम करून देतो म्हणलो होतो मी. आता ती इथं बसलीय, अन् पोरगं माझ्यावर ओरडून दुसरी गाडी बघायला गेलंय."

उमानं बरोबर बेअरिंग काढलं, शेडला कुलूप लावलं आणि स्कूटीवर निघाली. पैठण रोडवर ट्रकांच्या रांगेत अडकली, तेव्हा कडेच्या मातीतून तिनं स्कूटी पुढं काढली.

बन्सीनं तिच्या हातातून खोका घेतला आणि आत गेला. ग्राहकांच्या बाकावर म्हातारी पदर लपेटून भिंतीला टेकली होती. दगडाबाई तिचं नाव. उमानं एसी बंद करवला, पाणी विचारलं.

"नगं बाई. पाणी मोजूनच प्यायचं असतंय मला." थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. "तुमची बी गाडी बिघडली का?"

"नाही. मी इथंच कामाला आहे."

"मंग जावा की कामाला. माझ्यापाशी कशाला बसलाव?"

उमा बसून राहिली. दगडाबाईची मान हळूहळू तिच्या खांद्यावर आली आणि तिथंच तिला झोप लागली. उमा जराही हलली नाही. कुणाचं अंग अंगाला लागून किती काळ लोटला, ते तिला आठवेना.

उन्हं उतरता उतरता गाडी झाली. दुसरी गाडी न मिळाल्यानं मुलगा परत आला होता. तो आईला आधार देत घेऊन गेला, उमाकडं त्याचं लक्षही गेलं नाही.

बन्सी हात पुसत उभा होता. उमा म्हणाली, "बन्सीभाऊ, ते बेअरिंग मी मुद्दाम चुकवलं. आधीचे पार्टही. तुमचा फोन यावा म्हणून."

बन्सीनं हातातलं फडकं बाकावर टाकलं. "त्या पोरानं माझी आयमाय काढली सगळ्यांसमोर," तो म्हणाला. "फोन तुमच्याकडं बी होता की, ताई." आणि आत निघून गेला.

त्यानं मालकांना काही सांगितलं नाही. पार्ट पुन्हा चुकले नाहीत, आणि फोनही आला नाही. राजनंदिनीच्या लग्नाची पत्रिका टेम्पोवाल्याच्या हाती आली, वर नुसतं 'पार्ट्स विभाग' लिहिलेलं. उमा लग्नाला गेली, अक्षता टाकल्या आणि न जेवता परतली.

नंतरच्या एका दुपारी तिनं स्वतःच बन्सीला फोन लावला.

"बोला ताई. काय राहिलंय का?"

"काही नाही. सहज केला."

पलीकडं पान्हे आपटल्याचे आवाज येत होते. बन्सी म्हणाला, "लग्नात जेवल्या नाय तुम्ही. बायकोनं पाहिलं."

"हो."

"बरं नाय केलं." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो. गाडी लिफ्टवर हाय."

"ठेवा," उमा म्हणाली. फोन बंद झाला. ती पुढच्या महिन्याचे क्लच मागवायला बसली.